तळहातावरचा रस्सा

कल्पना करा, तुमचा उपास आहे. साबुदाणा-रताळ्याचा नव्हे; दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, असला उपास. आणि त्या दिवशी तुम्हाला रजा नाही. सकाळी शाहूपुरीतल्या एका मटण खानावळीच्या भटारखान्यात तुम्ही उभे आहात. सुकं खोबरं भाजताय, तीळ-खसखस वाटताय. तेलात कांदा-लसूण चटणी पडते, ठसका उठतो, डोळ्यांत पाणी येतं. एका शेगडीवर तांबडा रस्सा, दुसरीवर पांढरा. मधल्या तव्यावर भाकरी टाकायची, फुगली की टोपल्यात. बाहेर गिऱ्हाइकांच्या ताटांचा आवाज सुरू झाला की हात थांबवायचा नाही.

तुम्हाला वाटेल, भूक छळेल. भुकेची काळजी करू नका, ती दुपारपर्यंत आपोआप मरते. काळजी हाताची करा. हाताला उपास कळत नाही.

बयाबाई आवळेचा हात याच शेगड्यांपुढं म्हातारा होत चालला होता. नवरा शांतवन टेम्पो चालवायचा, तो गेल्यावर ती रफिकभाईच्या खानावळीत लागली ती तिथलीच झाली. एकुलती मुलगी गडहिंग्लजला दिलेली. तिचं येणं नाताळला आणि ईस्टरला. बाकी वर्षभर बयाबाईला माणसं म्हणून होती ती मंडळीची.

मंडळी म्हणजे मंगळवार पेठेच्या एका बोळातलं पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च. सगळे सगळ्यांना ओळखतात, कुणाच्या घरी काय शिजलं ते उपासनेआधी ठाऊक असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाची इवलीशी पेली ताटातून फिरते, बाकावरचा एकेक जण घेतो आणि ताट पुढं जातं. शांतवनला माती दिल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला बयाबाईला पेली धरवेना, तेव्हा शेजारच्या झुंबरबाईनं ती तिच्या ओठाला लावली. तेव्हापासून बयाबाई कायम तिच्याच शेजारी बसायची. झुंबरबाई वयानं थोरली, म्हणून तिला अक्का म्हणायची.

मग चर्चचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. राजवर्धन नाव, तरुण, बोलण्यात गोड, कामाला वाघ. त्यांचं म्हणणं, आपण शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, उपास करतो, पण कुणी कुणाला विचारत नाही. विचारणारं माणूस असल्याशिवाय माणूस वाढत नाही. त्यांनी बायकांच्या जोड्या लावल्या. गुरुवारी दुपारच्या सभेत दोघींनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि एकमेकींना विचारायचं. शास्त्र वाचलंस काय? प्रार्थना केलीस काय? कुणावर राग धरलास काय? आणि शेवटचं, काही लपवलंस काय? जे सांगितलं ते दोघींतच ठेवायचं. जोडीतलं जोडीत.

पहिल्या महिन्यात बायका बिचकल्या, मग सरावल्या. सांगायला सोपी पापं कुठली ते जिचं तिला कळलं. प्रार्थनेत डुलकी लागली. मालिकेपायी वाचन राहिलं. सुनेवर आवाज चढला. एवढं सांगितलं की मोकळं. बयाबाईची जोडी झुंबरबाईशी लागली होती. तिला मात्र हे सोपं पाप सांगणं जमेना. एका गुरुवारी ती म्हणाली, "अक्का, शांतवन गेल्यावर दोन वर्षं मी देवाशी बोलत नव्हते. डोळं मिटायची आणि भाकऱ्यांचं पीठ मोजायची."

झुंबरबाई म्हणाली, "आणि हे आत्ता सांगतीस व्हय?"

"आत्ता विचारलंस की."

त्यावर दोघी इतक्या हसल्या की पाळकांनी वळून बघितलं.

झुंबरबाईचा मुलगा विजयसिंह फौंड्रीत होता. त्याच्या बायकोला, अनुजाला, दिवस भरायच्या फार आधीच कळा आल्या. मुलगा झाला, तळहाताएवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मंडळीत बातमी पोचली तशी पाळकांनी साखळी उपासाची हाक दिली. रोज एका बाईनं उपास धरायचा, दिवस मावळला की दुसरीला फोन करून सोपवायचा. बाळ घरी येईपर्यंत साखळी तुटता कामा नये.

ही कल्पना समजावून सांगायला समुद्रे वडील उभे राहिले. मंडळीचा कारभार बघणारे जे वडील असतात, त्यांत हे सगळ्यांत जुने. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. नाताळची रोषणाई दरवर्षी त्यांच्याच हातची.

"सिरीजची माळ बघितलीया न्हवं?" ते म्हणाले. "एका बल्बातनं करंट दुसऱ्यात जातो. एक बल्ब उडाला की अख्खी माळ बंद. तसं हाय हे. कुणी चुकायचं न्हाय."

"म्हंजे आम्ही बल्ब व्हय, काका?" मागून एकीनं विचारलं.

"व्हय की. चाळीसचं न्हवं, झिरोचं."

बायका हसल्या. साखळी सुरू झाली. संध्याकाळी फोन वाजायचा. "मी सोडला, तू धर." "धरला." एवढंच बोलणं.

झुंबरबाईचा दिवस आला तेव्हा ती दवाखान्यातच होती. संध्याकाळी तिनं पुढच्या बाईला नेहमीसारखं सोपवलं आणि लगेच बयाबाईला फोन लावला. बराच वेळ नुसता हुंदका ऐकू येत होता.

"अक्का, बाळ?"

"बाळ बरं हाय. वजन वाढलं म्हणाला डॉक्टर. बया, मी खाल्लं गं."

"काय खाल्लंस?"

"उप्पीट. विजूनं आनंदानं कॅन्टीनमधनं आणलं, हातात दिलं, मी खात सुटले. आठवलं तवा निम्मं संपलंतं." मग थांबून, आणखी बारीक आवाजात, "आठवल्यावर उरलेलं पण खाल्लं. भूक लागलीती गं."

बयाबाई म्हणाली, "बरं केलंस. रात्रीचं जागरण, वर उपाशी, पडली असतीस मग? देव काय कॅन्टीनचं बिल बघत बसलाय?"

"कुणाला बोलू नको."

"जोडीतलं जोडीत, अक्का."

त्यानंतर काही दिवसांनी बयाबाईची पाळी आली. रफिकभाईनं सकाळीच ओळखलं. "आज पाणीच पितायसा नुसतं. उपास?"

"लेकरासाठी हाय."

"मग भाकरी थापा, रस्सा मी बघतो."

"तुम्ही बघितला तर गिऱ्हाईक पळंल."

पण दुपारी गर्दी झाली. रफिकभाई गल्ल्यावर अडकला. बाहेरून हाक आली, तांबडा संपला, पुढचं पातेलं पाठवा. बयाबाईनं पळी घातली, ढवळली, डाव्या तळहातावर थेंब सोडला आणि चाटला. मीठ कमी होतं. तिनं चिमूट टाकली, पुन्हा ढवळलं, पुन्हा तळहातावर थेंब. आता बरोबर. पातेलं उचलून दिलं. हात पदराला पुसताना तिला आठवलं.

ती मोरीत गेली, चुळा भरल्या, बोट घालून ओकायचा प्रयत्न केला. पोटात काही नव्हतंच, काय निघणार. रफिकभाई मागं येऊन उभा राहिला. काय झालं ते कळल्यावर म्हणाला, "येवढंच ना? आमच्यात रोजा असताना विसरून काय खाल्लं तर रोजा तुटत न्हाय. म्हणतात, ते अल्लानंच खाऊ घातलं. तुम्हीपण पुढं चालू ठेवा."

"आमच्यात असं कोण म्हणत न्हाय, रफिकभाई."

"मग विचारा की कुणाला तरी."

तिनं विचारलं. संध्याकाळी उपास पुढच्या बाईला सोपवायच्या आधी झुंबरबाईला फोन केला आणि सगळं सांगितलं, दोन्ही थेंब. दुसरा थेंब मीठ बरोबर झालंय का बघायला होता, हेही. झुंबरबाई पलीकडं हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी. "येवढ्यासाठी रडतीस? मी बशीभर खाल्लं, तू थेंबभर. जेव आणि गप झोप."

बयाबाई जेवली, झोपलीही.

बाळ त्या आठवड्याच्या शेवटी गेलं. इवल्याशा पेटीला खांदा द्यायची गरज पडली नाही, विजयसिंहनं ती दोन्ही हातांवरच नेली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बयाबाईनं भाकऱ्या आणि पिठलं केलं. अनुजा भिंतीला टेकून बसली होती, तिनं घासाला तोंड उघडलं नाही. झुंबरबाईला बयाबाईनं घास भरवला. तिनं तो घेतला.

पुढच्या गुरुवारी सभा भरली ती प्रार्थनेनं. पाळक म्हणाले, आपण देवाला जाब विचारणार नाही, पण स्वतःला तपासू या. ते एवढ्यावर थांबले असते. समुद्रे वडील त्या दिवशी मुद्दाम आले होते, ते उठले.

"माळ बंद पडली की वायरमन काय करतो? बल्ब बघतो. देवाचा करंट कमी पडत नसतो. कुणाच्या हातनं उपास मोडलाय का? आत्ता सांगा. लपवलं तर सगळ्या मंडळीवर येतंय."

वरच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नख्या वाजत होत्या. बयाबाई मनाशी शब्द जुळवत होती. ती उठणारच होती. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"बयानं रस्सा चाखला," झुंबरबाई म्हणाली. "तिच्या दिवशी. मला सांगितलंय तिनं."

सगळ्या माना वळल्या. झुंबरबाई समोर गीतांचे आकडे लिहिलेल्या फळ्याकडं बघत होती. बयाबाई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. आता ती स्वतःचं सांगेल. दम घेतीय. सांगेल आता. झुंबरबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि गुडघ्यात तोंड घातलं. दोन बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायला पुढं सरकल्या. त्यांना वाट द्यायला बयाबाईला बाजूला व्हावं लागलं.

वडिलांच्या बैठकीला तिला बोलावलं ते वेदीमागच्या खोलीत. पाळक, समुद्रे आणि आणखी एक वडील. साक्षीदार म्हणून झुंबरबाई कोपऱ्यात; तळहात, मीठ, दोन्ही थेंब, सगळं तिनं आधीच सांगितलेलं.

"चाखलंस?" समुद्रेंनी विचारलं.

"व्हय. विसरून."

"विसरून म्हंजे? लेकरू पेटीत झुंजतंय आणि तुला मीठ आठवलं, उपास आठवला न्हाय?"

"हातानं केलं, काका. सवय हाय हाताला."

"हात काय तुझ्या धडाला न्हाय व्हय?"

पाळक म्हणाले, "वडील, जरा हळू." मग तिला म्हणाले, "बयाबाई, कुणी तुमचा तिरस्कार करत नाही. शिस्त ही प्रेमासाठी असते."

बयाबाईच्या मनात एक विचार बरेच दिवस घोळत होता, तो तिच्या तोंडून निघाला. "काका, माळ बंद पडली की तुम्ही सगळं बल्ब बघता न्हवं? का पहिला सापडला की थांबता?"

समुद्रेंनी चष्मा वर केला. "म्हंजे? आणखी कुणी हाय? नाव सांग."

बयाबाईनं कोपऱ्यात बघितलं. झुंबरबाईचे दोन्ही हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट धरलेले. चेहरा मात्र कोरा. बयाबाईला त्या क्षणी अक्काच्या घराचे पुढचे दिवस दिसले. सासू आणि सून एकाच छताखाली, एकाच चुलीपुढं, आणि सुनेला माहीत आहे की सासूनं बशीभर उप्पीट खाल्लं, आठवल्यावरही खाल्लं. त्या घरात पुन्हा कधी कुणाच्या घशाखाली घास उतरेल? आणि शब्द दिला होता. जोडीतलं जोडीत.

"न्हाय," ती म्हणाली. "सहज विचारलं."

"अशा वेळी सहज बोलायचं नसतं," समुद्रे म्हणाले.

निकाल असा झाला. बयाबाईला प्रभुभोजन बंद. येणारं प्रभुभोजन सोडून त्याच्या पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी तिनं सगळ्या मंडळीपुढं उभं राहून कबुली द्यायची, मग तिला परत घ्यायचं. कबुलीचं वाक्य समुद्रेंनी सांगितलं, माझ्यामुळं बाळ गेलं. पाळकांना ते फार कठोर वाटलं. त्यांनी बदलून दिलं, माझ्या अवज्ञेमुळं साखळी तुटली आणि मंडळीला दुःख भोगावं लागलं. "असं सौम्य वाटतं," ते म्हणाले, आणि आपण तिच्यासाठी काहीतरी केलं असं त्यांना खरंच वाटत होतं.

तो महिना तिनं कसा काढला ते सांगण्यासारखं फार नाही. बायकांच्या मोबाइलच्या ग्रुपमधून तिचं नाव काढलं, तात्पुरतं म्हणून. मधल्या प्रभुभोजनाला ती मागच्या बाकावर बसली होती. ताट घेऊन येणारे वडील तिच्यापाशी आले, ताट उंच केलं आणि तिच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाला दिलं. रसाचा गोड वास तिच्या केसांवरून गेला. शेजारच्या बाईनं पेली घेताना कोपर आवरून धरलं, लागू नये म्हणून.

एक दिवस मंडळीतलीच एक बाई खानावळीत पार्सलला आली. भटारखान्याच्या दारातून डोकावून म्हणाली, "बयाबाई, मीठ बघितलंसा न्हवं? बघूनच द्या. तुम्हाला काय, चालतंय."

रफिकभाईनं ते ऐकलं. डबा भरून तिच्यापुढं आपटला आणि म्हणाला, "मीठ मी बघितलंय. कमी पडलंय. घरी जाऊन रडा म्हंजे बरोबर व्हईल." बाई गेल्यावर तो आत आला. "माझ्या दुकानात चव घेतल्याबिगर रस्सा बाहेर जात न्हाय. नियम माझा. मग गुन्हेगार मी. चला, सांगतो तुमच्या त्या वायरमनला."

"तुम्ही आलासा तर मला कायमचं काढतील."

"काढू देत की. येवढं काय ठेवलंय तिथं?"

ती पीठ मळत राहिली. काय ठेवलंय ते तिला सांगता आलं नसतं. शांतवन गेला तेव्हा ओठाला लावलेली पेली तिथं होती. उद्या ती मेली तर ज्या तोंडून तिचं नाव घेऊन प्रार्थना होईल ते तोंड तिथं होतं. गडहिंग्लजहून पोरगी येईपर्यंत मढ्यापाशी बसणारी माणसं तिथंच होती. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. दुपारी शेगडी बंद केल्यावर ती कधी कधी तळहाताकडं बघायची आणि तिला वाटायचं, कुणी सांगावं? या थेंबानंच झालंही असेल असं.

कबुलीचा रविवार आला. चर्च भरलं होतं. एरवी न येणारेही आले होते. पहिल्या बाकावर झुंबरबाई, विजयसिंह आणि त्यांच्यामध्ये अनुजा. बाळंतपणाचा फिकेपणा अजून तिच्या चेहऱ्यावरून उतरला नव्हता. बयाबाई पुढं गेली, लोकांकडं तोंड करून उभी राहिली. वाक्य तिनं पाठ केलं होतं. चालताना, भाकरी थापताना.

"माझ्या अवज्ञेमुळं साखळी तुटली," ती म्हणाली, "आणि मंडळीला दुःख भोगावं लागलं."

"मोठ्यानं," समुद्रे म्हणाले. "मागं ऐकू येत न्हाय."

तिनं मोठ्यानं म्हटलं. म्हणताना तिची नजर झुंबरबाईवर होती. तिला वाटलं होतं, अक्का मान खाली घालेल, रडेल, निदान हात तरी घट्ट धरेल. झुंबरबाई सरळ बसली होती आणि तिच्याकडं बघत होती. चेहऱ्यावर दुःख होतं. दुखावलेल्या माणसाचं, माफ करायला आलेल्या माणसाचं दुःख. त्यात दुसरं काही नव्हतं. कितीही शोधलं तरी नव्हतं.

पाळकांनी प्रार्थना केली. मंडळीनं आमेन म्हटलं. मग त्यांनी सांगितलं, आता बहिणीचा हात धरून तिला सलाम करा. रीतीप्रमाणं पहिल्या बाकापासून सुरुवात झाली. झुंबरबाई उठली, बयाबाईला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी तुला माफ केलं, बया." चर्चमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. समुद्रेंनीसुद्धा चष्मा काढून पुसला.

त्यानंतर अनुजा पुढं आली. तिनं बयाबाईचा हात हातात घेतला. डावा हात. तो उताणा केला आणि तळव्याकडं बघितलं, जणू तिथं अजून काही लागलेलं असेल. रडत नव्हती ती. आवाज अगदी साधा होता, शेजारीण वाटीभर साखर मागते तसा.

"मावशी, मीठ बरोबर होतं काय?"

अनुजानं थोडा वेळ वाट बघितली. तिला खरोखर उत्तर हवं होतं, असं वाटत होतं. मग तिनं हात सोडला आणि जागेवर जाऊन बसली. मागची रांग पुढं सरकली. लोक सलाम करत राहिले आणि बयाबाई प्रत्येकाला दुसरा हात देत राहिली.

ताट आलं तेव्हा ते तिच्यापुढं थांबलं. तिनं भाकरीचा तुकडा घेतला, पेली घेतली. एवढ्यासाठीच सगळं केलं होतं. तुकडा जिभेवर ठेवला तर तिला चवच लागेना. रसही पाण्यासारखा गेला. तिला वाटलं, आज कुणीतरी चव न बघता केलाय.

खानावळीतलं काम सुरू राहिलं. आता ती चव बघत नाही. पळीतला थेंब रफिकभाईच्या तळहातावर सोडते आणि त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहते. गर्दीच्या वेळी तो शिव्या घालतो, पण येतो.

ग्रुपमध्ये तिला परत घेतलं. गुरुवारच्या सभेतही. पाळकांनी विचारलं होतं, जोडी बदलून देऊ का? झुंबरबाईच म्हणाली, "कशाला? बया माझीच हाय." त्यामुळं दर गुरुवारी दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसतात. आधी झुंबरबाई विचारते. शास्त्र वाचलंस काय? वाचलं. प्रार्थना केलीस? केली. राग धरलास कुणावर?

या प्रश्नाला बयाबाई डावा तळहात पदराला पुसते. "न्हाय," म्हणते.

"काय लपवलंस?"

"तुझ्यापासनं काय न्हाय, अक्का."

मग बयाबाईची पाळी. ती तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारते. शेवटच्या प्रश्नाला ती पुढं वाकते, इतकी की झुंबरबाईच्या डोळ्यांतल्या शिराही दिसाव्यात. "काय लपवलंस, अक्का?"

"काय न्हाय गं," झुंबरबाई म्हणते. पापणीही लवत नाही. आवाजात खोट नसते, घाईही नसते. वर बयाबाईच्या गुडघ्यावर थाप मारून विचारते, "दर खेपेला अशी काय बघतीस?"

बयाबाईला तिला पकडायचं नाही. मंडळीपुढं उभं करायचं नाही, सुनेला सांगायचं नाही. ते सगळं कधीच मागं पडलं. तिला एवढंच कळायला हवं आहे, आणि ते विचारायला जोडीच्या प्रश्नांत जागा नाही. त्या संध्याकाळी फोनवर ज्याच्यापायी रडली होती ते उप्पीट अक्काला आठवतंय आणि ती रोज गिळतीय, का खरंच तिला ते आता आठवतच नाही?